चैत्राचे ऊन, घामोळे आणि अंगाची खाज : यात्रेकरूंसाठी आरोग्यपाठ



दर्शनाच्या वेळा, पूजाविधी, भक्तनिवास व अन्नछत्र यांविषयीची माहिती आपणास या पुस्तिकेत अन्यत्र मिळेलच. येथे एका वेगळ्या विषयावर चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय साधा आहे, कोणास क्षुल्लकही वाटेल. उन्हाने व उष्म्याने अंगावर उठणारे पुरळ आणि त्याची खाज, हा तो विषय होय. चैत्री यात्रेच्या काळात आमच्या प्रथमोपचार कक्षाच्या दारी जी मंडळी बसलेली दिसतात, त्यांत तळपाय पोळलेले, चक्कर आलेले आणि अंग खाजविणारे असे तीनच वर्ग प्रामुख्याने असतात. पहिल्या दोहोंकडे सर्वांचे लक्ष जाते. तिसऱ्याकडे मात्र कोणी गांभीर्याने पाहत नाही.

हा लेख लिहिण्यास एक प्रसंग कारण झाला. तो प्रथम सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वीची चैत्री यात्रा. दुपारची वेळ, दर्शनबारी पार पायऱ्यांपर्यंत आलेली. बारीत एक माउली वर्षाच्या आतील बाळ कडेवर घेऊन उभी होती. सकाळीच कुलदैवतासमोर बाळाचे जावळ काढलेले होते. अंगात नवे कोरे झबले, त्यावर जरीची कुंची, आणि वर आईचा पदर. बाळ अखंड रडत होते. कोणी तरी कुंची सैल केली, तेव्हा मानेवर व छातीवर लाल पुरळ दाटलेले दिसले. मागून एकजण म्हणाला, "गोवर आहे." दुसऱ्याने "देवी आल्या" असे म्हटले आणि बारीत गलका उडाला. मी कार्यालयातून तेथे गेलो. लोकांचा क्षोभ पाहून, काहीही चौकशी न करता, मी त्या माउलीस बारीतून बाहेर होण्यास सांगितले.

कक्षातील डॉक्टरांनी बाळाचे सर्व कपडे उतरविले, त्यास पंख्याखाली ठेवले, थंड पाण्याच्या मऊ फडक्याने अंग टिपले. ताप नव्हता, खोकला नव्हता, डोळे लाल नव्हते. तासाभरात बाळ आईच्या मांडीवर झोपी गेले. ते केवळ घामोळे होते. सायंकाळी त्या माउलीचे दर्शन झाले. निघताना ती माझ्या टेबलापाशी थांबली आणि एवढेच म्हणाली, "काका, आधी एकदा विचारायचं तरी."

नवस फेडावयास आलेल्या लेकुरवाळीस चार लोकांसमक्ष बारीतून बाहेर काढले गेले, ते माझ्या अज्ञानाने. तेव्हापासून डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज अंगावरील पुरळावरून कोणासही बारीबाहेर काढावयाचे नाही, असा आमचा नियम आहे. तथापि नियमापेक्षा ज्ञान अधिक उपयोगी पडते. यास्तव डॉक्टर मंडळींकडून वेळोवेळी समजून घेतलेले येथे क्रमाने मांडतो.

घामोळे कशाने येते?

मनुष्याच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. घाम बाहेर येतो, वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो, ही निसर्गाची योजना आहे. परंतु घाम सतत येत राहिला आणि वाळण्यास वाव मिळाला नाही, तर त्वचेचा वरचा थर भिजून फुगतो व घामाच्या नलिकांची तोंडे बुजतात. कोंडलेला घाम आतल्या आत झिरपतो, तेथे दाह होतो, आणि टाचण्या टोचाव्यात तशी खाज सुटते. यालाच आपण घामोळे म्हणतो.

घामोळ्याचे प्रकार अडथळा किती खोलवर आहे त्यावरून पडतात. अगदी वरच्या थरात अडथळा असेल तर दवबिंदूंसारखे स्वच्छ, न खाजणारे फोड येतात व आपोआप फुटून जातात. थोडा खोल असेल तर लाल, टोचणारे, खाजणारे पुरळ येते. यात्रेत दिसते ते बहुधा हेच. मान, पाठ, छाती, काखा, कमरपट्ट्याची जागा, परकराच्या नाडीखालची जागा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. लहान मुलांच्या घामाच्या नलिका अद्याप पक्व झालेल्या नसतात, म्हणून त्यांना ते लवकर होते. वर्षभर वातानुकूलित कचेरीत बसणारे शहरी भाविकही त्यात सापडतात, कारण त्यांच्या शरीरास उष्म्याची सवय राहिलेली नसते.

येथे एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. स्नान करून ओलेत्याने प्रदक्षिणा घालण्याची अनेक घराण्यांत प्रथा आहे. ती अवश्य पाळावी. परंतु प्रदक्षिणा होताच ओले वस्त्र बदलून अंग कोरडे करावे. ओले कापड अंगास चिकटून राहिले म्हणजे घामाची तोंडे अधिकच बुजतात. रेशमी सोवळे, नायलॉनची किंवा पॉलिस्टरची साडी, घट्ट बंद गळ्याचे झबले यांची गोष्टही तीच. उन्हाळ्यात सैल सुती वस्त्रासारखे दुसरे वस्त्र नाही.

उपाय तर अगदीच सोपा आहे. सावलीत किंवा वाऱ्याखाली बसावे. साध्या थंड पाण्याने अंग धुवावे, घासू नये, मऊ पंचाने टिपून कोरडे करावे. तासभर तरी घाम येणार नाही असे पाहावे. कॅलामाइन लोशन लावल्यास खाज शमते. तेल, तूप, लोणी किंवा दाट मलम लावू नये, त्याने तोंडे आणखी बुजतात. पावडर ओल्या अंगावर थापली तर तिच्या गुठळ्या होतात, आणि तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात ती जाण्याचा धोका वेगळाच. अंगास गारवा मिळाला की घामोळे साधारणतः काही दिवसांत ओसरते.

पुरळ उन्हाचे की घामाचे?

घामोळे उष्म्याने येते, त्यासाठी प्रत्यक्ष ऊन लागावेच असे नाही. कोंदट खोलीत झोपलेल्यासही ते होते. याउलट काही पुरळ प्रत्यक्ष सूर्यकिरणांमुळेच उठते. ओळखण्याची खूण अशी, की घामोळे कपड्याखाली अधिक असते, तर उन्हाचे पुरळ कपड्याबाहेर राहिलेल्या भागावर, म्हणजे हाताच्या पुढच्या बाजूस, मानेच्या मागे, गळ्याखाली व पावलांवर येते. घड्याळाच्या पट्ट्याखालची किंवा ब्लाउजच्या बाहीखालची त्वचा स्वच्छ, आणि तेथून पुढे पुरळ, असे दिसले तर ते उन्हाचे समजावे.

यातील सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारास डॉक्टर पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणतात. ऋतूतील पहिले कडक ऊन लागल्यानंतर काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी, टाचणीच्या डोक्याएवढे खाजणारे दाणे उठतात. म्हणूनच पुष्कळांना ते यात्रेहून घरी परतल्यावर दिसते आणि खापर अन्नछत्रातील आमटीवर फुटते! ऊन टाळले तर आठवडा-दोन आठवड्यांत ते जाते, व्रण राहत नाही. पुढे उन्हाची सवय होत जाते तसतसा त्याचा जोर बहुधा कमी होतो. मात्र दर वर्षी होणाऱ्यांनी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पायऱ्या चढताना अंगावर उठणाऱ्या गांधी

गडाच्या अर्ध्या पायऱ्या चढून होतात न होतात तोच काही तरुण भाविकांच्या छातीवर व दंडांवर बारीक बारीक गांधी उठतात व विलक्षण खाज सुटते. लोक याला पित्त उठले असे म्हणतात. श्रमाने अंग तापले, गरम पाण्याने स्नान केले किंवा जहाल तिखट खाल्ले तरी काहींना हे होते. सावलीत शांत बसल्यास बहुधा तासाभरात गांधी मावळतात. काही थोड्यांना मात्र ऊन लागताच मिनिटांत उघड्या अंगावर मोठ्या गांधी येतात. तो निराळा विकार असून त्यावर डॉक्टरांकडूनच उपचार घ्यावा लागतो.

कोकम सरबत प्यावे, त्याने पोटात पाणी जाते. पण खाजवून सोललेल्या त्वचेवर आमसूल चोळू नये. आणि ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, श्वास लागला, घशात आवळल्यासारखे वाटले, तर ती साधी खाज नव्हे. क्षणाचाही विलंब न लावता प्रथमोपचार कक्ष गाठावा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

येथे वाहनचालक बंधूंना खास विनंती. खाजेवरील अनेक गोळ्यांनी झोप येते. अशी गोळी घेऊन घाटाचा रस्ता धरू नये. आपल्या मागे वीस-पंचवीस जीव बसलेले असतात. गोळी घ्यावी लागली तर मुक्काम करावा. भक्तनिवासात चालकांची सोय होते, त्यासाठी कार्यालयात विचारावे.

लिंबू, अत्तर आणि गाजर गवत

पाणपोईवर लिंबू सरबत करणाऱ्या आमच्या सेवेकऱ्यांच्या हातांवर एका वर्षी भाजल्यासारखे चट्टे उठले. त्यांतील काहींवर फोड आले आणि पुढे काळे डाग कित्येक आठवडे राहिले. शेगडीपाशी तर कोणीच नव्हते. मग उलगडा झाला तो असा. लिंबाच्या सालीत व रसात काही द्रव्ये अशी असतात, की ती त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले तर त्वचा पोळते. परिणाम लगेच दिसत नाही, साधारणतः एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून कारण ध्यानात येत नाही. बावचीच्या बियांतही अशीच द्रव्ये असतात. वैद्यांच्या सल्ल्याने बावचीचे औषध लावणाऱ्यांनी हे विसरू नये. आता आमचे सेवेकरी सावलीतच लिंबे पिळतात व हात साबणाने धुऊन मगच उन्हात जातात. घामोळ्यावर लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय का करू नये, हेही यावरून कळेल.

मानेवर अत्तर किंवा सुगंधी द्रव्य लावून उन्हात गेल्यास काहींना त्याच जागी काळसर डाग पडतात. अत्तर वस्त्रास लावावे. कुंकू, गंध, अष्टगंध यांतील कृत्रिम रंग व सुवासिक द्रव्ये काहींच्या कपाळास सोसत नाहीत आणि तेथे खाज येऊन त्वचा काळवंडते. काही चिकट टिकल्यांखाली तर पांढरा डाग पडतो. अशा भाविकांनी गंध लावून घेण्याचा आग्रह धरू नये, आणि आपल्या पुजारी मंडळींनीही तो करू नये. भाव असला म्हणजे पुरे आहे.

पायी दिंडीने येणाऱ्यांनी गाजर गवत ओळखून असावे. काँग्रेस गवत या नावानेही ते आपल्याकडे प्रसिद्ध आहे. मूळ अमेरिका खंडातील हे तण भारतात १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे येथे आढळले आणि पुढे सर्व देशभर पसरले. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्याने उडून अंगावर बसतात. काहींच्या पापण्या, मान, कोपराचा खळगा या जागी तीव्र खाज सुटते, कातडी जाड व खरखरीत होते, आणि उन्हाने हा त्रास आणखी वाढतो. शेतकरी बांधवांना हे पुरेपूर ठाऊक आहे. विसाव्यासाठी अंथरूण टाकताना रस्त्याकडेचे हे गवत टाळावे, आणि मुक्कामी पोहोचताच हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत.

नित्याची औषधे घेणारे भाविक

रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढविणारी काही औषधे, डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके, सांधेदुखीवर चोळण्याची काही जेल, यांमुळे त्वचा उन्हास अधिक नाजूक होते. म्हणून औषध मनानेच बंद करू नये. तसे करणे खाजेपेक्षा कितीतरी घातक ठरेल. यात्रेस निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना "मी उन्हात चालणार आहे" एवढे सांगावे व त्यांचे म्हणणे ऐकावे. औषधाची चिठ्ठी सोबत ठेवावी. मधुमेही भाविकांनी खाजविलेल्या जखमेची व तळपायांची विशेष काळजी घ्यावी. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास तापलेल्या फरशीचा चटका कळतही नाही.

दुकानातून कोणतेही मलम आणून लावणे, ही आपल्याकडील फार मोठी चूक आहे. जांघेत किंवा कमरेशी कडा असलेला, गोल पसरणारा, खाजणारा चट्टा असेल तर ते घामोळे नसून बहुधा नायटा असतो. त्यावर तीन-चार औषधांची सरमिसळ असलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावले की दोन दिवस बरे वाटते, मग नायटा अधिकच पसरतो, आणि सतत वापराने कातडी पातळ पडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून असे मलम घेऊ नये, आणि शेजारच्या भाविकासही देऊ नये. चुना, टूथपेस्ट, घासलेट यांचे प्रयोग तर सर्वथा वर्ज्य समजावेत.

गोवर, कांजिण्या आणि 'देवी'

गोवराच्या पुरळाआधी दोन-चार दिवस ताप, खोकला, नाक वाहणे व डोळे लाल होणे ही लक्षणे असतात. मग पुरळ कानामागे व चेहऱ्यावर सुरू होऊन खाली उतरते. कांजिण्यांत तापाबरोबर पाण्याने भरलेले फोड येतात आणि नवे-जुने फोड एकाच वेळी दिसतात. अशा रुग्णाने गर्दीत येऊ नये, डॉक्टरांकडे जावे. घामोळ्यात बाळ किरकिरते, पण बहुधा ताप नसतो, आणि गारव्याने लगेच उतार पडू लागतो. घामोळे एकापासून दुसऱ्यास होत नाही.

'देवी' या रोगाविषयी तर भीतीचे कारणच उरलेले नाही. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व जगातून या रोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा केली. यास्तव कोणाच्याही अंगावरील पुरळ पाहून "देवी आल्या", "दैवी कोप झाला" असे बोलू नये. त्या शब्दांनी एखाद्या आईच्या काळजाला काय होते, ते मी पाहिले आहे.

यात्रेकरूंनी पाळावयाच्या गोष्टी

१. शक्यतो पहाटेच्या काकडआरतीनंतर किंवा सायंकाळी दर्शनास यावे. आपल्या भागात सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. सकाळी ११ ते दुपारी ४ हा काळ टाळावा.

२. डोक्यास टोपी, उपरणे, पदर किंवा छत्री असावी. जावळ काढलेल्या बाळाचे डोके पातळ सुती टोपड्याने झाकावे, जरीची कुंची फोटोपुरती ठेवावी.

३. सनस्क्रीन वापरणाऱ्यांनी ते एसपीएफ ३० किंवा अधिकचे घ्यावे, उन्हात जाण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे लावावे, व दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

४. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. ते नसल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा असावा. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

५. नखे कापून यावे. खाज आली तर खाजविण्याऐवजी थंड ओले फडके ठेवावे. खाजविल्याने जखम होते, जखमेत पू होतो.

६. दंडवताचा नवस दुपारी फेडू नये. पहाटे फेडलेला नवसही देवास तितकाच पोहोचतो.

पुरळाबरोबर ताप असेल, पू किंवा वाढती सूज असेल, तीन-चार दिवसांत उतार नसेल, किंवा बाळ दूध घेत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. अंग अतिशय तापलेले, बोलणे असंबद्ध, चालताना तोल जातो, शुद्ध हरपते, अशी लक्षणे म्हणजे उष्माघात. त्यात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व प्राणावर बेतते. १०८ ला बोलवावे, आणि रुग्णवाहिका येईतो रुग्णास सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी किंवा तीर्थ घालू नये.

देणगीदारांना विनंती

अभिषेक, महाप्रसाद व जीर्णोद्धार यांसाठी आपण उदार हस्ते देता, याबद्दल विश्वस्त मंडळ आपले ऋणी आहे. त्याचबरोबर दर्शनबारीवरील सावलीचा मंडप, अनवाणी चालणाऱ्यांसाठी काथ्याच्या चटया व त्यांवर पाणी शिंपडण्याची व्यवस्था, पाणपोईचे माठ, लेकुरवाळ्या मातांच्या कक्षातील पंखे, प्रथमोपचार कक्षासाठी ओआरएस, कॅलामाइन व सुती पंचे, या गोष्टींसाठीही आपण देणगी देऊ शकता. रक्कम लहान असली तरी चालेल, मात्र कार्यालयातून पावती अवश्य घ्यावी. तळपत्या दुपारी एखाद्या बाळास वारा मिळाला, तर तीही एक पूजाच आहे.

त्या माउलीचे गाव किंवा नाव मी तेव्हा विचारले नाही, याची रुखरुख राहून गेली. हा लेख तिच्या वाचनात आला तर तिने आमची चूक पोटात घालावी. आणि आपण सर्वांनी बारीत कोणाचे बाळ रडताना पाहिले, तर दूर न सरता प्रथम आपला पंखा पुढे करावा, एवढीच प्रार्थना.

आपली यात्रा सुखरूप व सुफल होवो.

आपला नम्र,
कार्यालयीन सचिव